बोरीच्या सावलीतलं गॅरेज

फिंतास, कुवेत
१४ ऑक्टोबर १९८४

माझ्या आईच्या लेकी, लुलवा,

सलाम. मागे फोनवर तू म्हणालीस की मी ओरडतो, म्हणून हे पत्र. ओरडत नाही गं मी. उभा जन्म तेल कंपनीत पंपांशेजारी उभं राहून बोललोय, आता आवाजच तसा झालाय. शिवाय आमचा टेलिफोन बैठकीत. मी तुझ्याशी बोलतो आणि कॉफीला आलेली चार माणसं मान डोलावतात.

तर बातमी अशी, की मी गॅरेज बांधतोय. हसू नकोस. नऊ गाड्या किती दिवस ताडपत्रीखाली ठेवायच्या? या जुलैत ब्यूइकचा डॅशबोर्ड तडकला. अठ्ठेचाळीस सालची गाडी, अंगावर ओरखडा नाही, आणि एका दुपारीत मधोमध चीर! मी अशी हाक मारली की तुझी भावजय नूरिया पीठ भरल्या हातांनी धावत आली. बघितलं आणि म्हणाली, "बाई गं, मला वाटलं कुणीतरी गेलं!" खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. कॅडिलॅकच्या सीटचं कातडं पापडासारखं झालंय. बाबांच्या पिकअपच्या दाराची रबरं वितळून पत्र्याला चिकटली. दार उघडलं की रडल्यासारखा आवाज येतो.

म्हणून ठरवलं. निवृत्त झालोय, पोरगा तलाल मार्गी लागलाय, आता नाही तर कधी? नऊच्या नऊ गाड्या सुखानं राहतील, मधून माणूस फिरेल, एका बाजूला दुरुस्तीचा खड्डा, आणि बाहेर पन्नास डिग्री असली तरी आत पंचवीस. असं गॅरेज अख्ख्या फिंतासमध्ये नसेल. जागा घराच्या मागची.

नकाशा आपल्या बद्रनं काढलाय, मावशीचा नातू. सहा महिने बर्फ पडतं अशा देशात शिकून आलाय पोरगा. सोबत पाठवतो. तू बघ. तुझा खलफ होता तेव्हाही (अल्ला त्याला सुखात ठेवो) सगळ्या मुहर्रकला ठाऊक होतं, की कोल्ड स्टोअरच्या कागदांवर सही त्याची आणि डोकं तुझं. गेली तीन वर्षं तर तू एकटीच चालवतेस. ऑगस्टच्या घामट हवेत तुझ्याकडे सफरचंदं ताजी राहतात, मग माझ्या ब्यूइकनं काय पाप केलंय?

हमदला आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुझा
मिशारी


मुहर्रक, बहारीन
२ नोव्हेंबर १९८४

माझ्या आईच्या लेका, मिशारी,

सलाम. तुझं जाडजूड पाकीट मिळालं. मी आधी नकाशा उलगडला आणि मग पत्र वाचलं, यावरून काय ते समज.

हसले, हो. पोटभर हसले. लहानपणी खजुराच्या पेटीत डबड्याच्या गाड्या ओळीनं लावून झोपायचास, आणि आई पेटीवर ओलं फडकं टाकायची, "गरम होतंय ना तुझ्या गाड्यांना" म्हणून. साठीला आलास तरी तेच चाललंय. पण माशाअल्ला, माशाअल्ला! इतकी देखणी जागा तुझ्या डोक्यातून निघाली याचा मला अभिमान वाटला. दुरुस्तीच्या खड्ड्याला पायऱ्या केल्यास ते फार चांगलं केलंस. गुडघे आता विशीतले नाहीत.

आता कामाचं. तुझ्या बद्रनं भिंत छान जाड घेतलीय, दुहेरी विटा, मधे फोम, सगळं ठीक. पण ओल अडवायचा प्लास्टिकचा पडदा त्यानं आतल्या अंगाला दाखवलाय. तो जिथं शिकला तिथं थंडी बाहेर असते रे! आपल्या गावी थंडी आत असते. ओल नेहमी गरम बाजूनं आत घुसते आणि गार जागा दिसली की तिथं बसते. तुझा पडदा आत राहिला, तर समुद्राची दमट हवा फोममध्ये शिरेल, पडद्यामागं पाणी साचेल आणि दोन वर्षांत भिंत कुजेल. वरून काही दिसणार नाही, फक्त गाड्यांना गंज चढेल आणि तू डोकं धरून बसशील. पडदा बाहेरच्या अंगाला घे. जमिनीखालीही घे, तुमच्याकडे हातभर खणलं की खारं पाणी लागतं. पोराला रागावू नकोस. त्याचं शिक्षण खोटं नाही, गाव वेगळं होतं एवढंच.

दुसरं. तीन मोठे एसी लिहिलेत. पुरुषांना मोठं मशीन दिसलं की काय होतं देव जाणे. मोठा एसी झटकन गार करतो आणि बंद पडतो, हवेतली ओल तशीच राहते. छोटे लाव, त्यांना सावकाश चालू दे. ओल काढायचं काम तेच करतात.

तिसरं. गाड्यांच्या दारापुढं एक बंद पडवी ठेव, म्हणजे बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. माझ्या स्टोअरमध्ये खलफ दोन्ही दारं उघडी टाकून हमालांशी गप्पा मारायचा. त्यावरून आम्ही जितके भांडलो तितके कशावरून भांडलो नाही.

हे सगळं झालं की एक दिवस भर दुपारी आत उभा राहा, सगळे दिवे घालव आणि दारं लावून घे. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून तुझी थंडी पळतेय.

इथं सगळं ठीक. हमद मजेत. हलव्याचा डबा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते, एकटा खाऊ नकोस.

आणि हो, घराच्या मागं म्हणजे नक्की कुठे? विहिरीच्या अंगाला ना?

तुझी
लुलवा


फिंतास
३ मार्च १९८५

माझ्या आईच्या लेकी,

उशीर झाला, रागावू नकोस. गवंडी, सुतार, वीजवाले, आणि मी. नूरिया म्हणते, चौघांत सगळ्यात जास्त मळतो तो मीच.

तुझं पत्र मी बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. बद्र लाल झाला, मग नकाशावर वाकला, मग मोठ्यानं हसला. म्हणाला, "मामा, पाच वर्षांत एकाही प्राध्यापकानं मला विचारलं नाही की तुमच्या गावात थंडी कुठल्या बाजूला असते." त्याच संध्याकाळी नवीन नकाशा काढला. आमचा मुकादम रजब, इजिप्तमधल्या दमिएत्ताचा माणूस, कुणाचं फारसं ऐकत नाही. पण आता काहीही सांगितलं की विचारतो, "बहारीनच्या बाईंना विचारलंत का?"

लुलवा, काय भिंत उठलीय म्हणून सांगू! बाहेरून वाळूच्या रंगाचा गिलावा, कुणाला वाटेल साधीच भिंत. पण हात ठेवला तर आत काहीतरी शांत बसलंय असं वाटतं. फोमच्या लाद्यांचे सांधे रजबनं एकावर एक येऊ दिले नाहीत, प्रत्येक थर सरकवून लावला आणि फटीत फेस भरला. मी मागं उभा राहून बघत होतो. खरं सांगतो, मशिदीचं काम असतं तरी इतक्या मनापासून झालं नसतं. छतावर जाड फोम, त्यावर पांढरी फरशी. भर दुपारी वर गेलो आणि सवयीनं उड्या मारत चालायला लागलो, तर तळवे भाजेचनात! रजब हसून हसून खाली बसला.

दुपारनंतर तर आणखी मजा. पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त तापायची, पण तिच्यावर बोरीची गच्च सावली येते. बद्र म्हणतो, ही सावली फुकटचा एसी आहे.

एसी छोटेच घेतलेत. तुझ्या शब्दाबाहेर नाही मी. दारं पुढच्या महिन्यात बसतील.

नूरियाचा सलाम. तू या ईदला ये ना. कधी आली नाहीस इतक्यात.

तुझा
मिशारी


मुहर्रक
१९ मार्च १९८५

श्री. मिशारी, अबू तलाल यांस,

सलाम. आपलं पत्र मिळालं. काम चांगलं चाललंय हे वाचून बरं वाटलं.

दुपारनंतर बोरीची सावली एकाच भिंतीवर पडते. ती भिंत माझ्या खोलीची होती. माझ्या लग्नाच्या वर्षी बाबांनी ती खोली बांधली, गल्लीत उघडणारं वेगळं दार दिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, पोर दुसऱ्या बेटावर चाललीय, तिला घरी यायला कुणाची परवानगी लागता कामा नये. आपण तेव्हा तिथंच उभे होतात. मी विहिरीच्या बाजूबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर मला आपल्या पत्रात सापडलं नाही. बोरीच्या सावलीत सापडलं.

जागा आपली, घर आपलं. माझं काही म्हणणं नाही.

दारांच्या रबरी पट्ट्यांना बसवण्याआधी टाल्कम पावडर लावावी, म्हणजे उन्हाळ्यात चिकटणार नाहीत. आत बशीत मीठ ठेवावं. आठवड्यानं कोरडं असेल तर ओल नाही.

ईदला येणं जमणार नाही.

लुलवा


फिंतास
३० मार्च १९८५

लुलवा,

"आपण" काय, "श्री." काय, तलालचा बाप म्हणून "अबू तलाल" काय? मार त्यापेक्षा मला.

ऐक. ती खोली उभी राहण्यासारखी उरली नव्हती. खारं पाणी भिंतीत चढलं होतं, गेल्या वर्षीच्या पावसात छताचा कोपरा खाली आला. बद्र म्हणाला, पाडावीच लागेल. मी तुला सांगणार होतो. प्रत्येक वेळी फोन उचलायचो आणि ब्यूइकबद्दल बोलायचो.

रागाव, पण लिही.

मिशारी


फिंतास
९ जुलै १९८५

प्रिय उम्म हमद,

सलाम. मी नूरिया. तुमच्या भावाला तुम्ही तीन महिने उत्तर दिलं नाही. मी मधे पडत नाही कधी, तुम्हाला माहीत आहे. पण आता बैठकीत, स्वयंपाकघरात, गाडीत, सगळीकडे तोंड पाडून बसलेला माणूस मला नको. एक तर तुम्ही त्याला माफ करा नाहीतर तिकडं घेऊन जा.

गॅरेज झालं. तुम्हाला सांगायला हवं, कारण ते निम्मं तुमचंच आहे. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. बाहेर आग, आणि आत असा गारवा की अंगावर येत नाही, नुसता असतो. नऊ गाड्या पुसून चकचकीत, पांढऱ्या फरशीत त्यांची पोटं दिसतात. मी म्हटलं, "माशाअल्ला, तू माझ्यासाठी असं स्वयंपाकघर का बांधलं नाहीस?" तुम्ही सांगितलेली अंधाराची परीक्षाही झाली. भर दुपारी दिवे घालवून आम्ही दोघं आत उभे. त्याला काही दिसेना. मला कोपऱ्यात एक रेघ दिसली, केसाएवढी. तो इतका खूश झाला, जसं काही मी मोती काढून दिला! लगेच रजबला बोलावलं. मीठही कोरडं आहे. मी रोज बघते.

आता तर शेजारीपाजारी तिथंच बसतात. पुरुष संध्याकाळी, आम्ही बायका दुपारी. परवा उम्म सऊद आल्या. नव्वदीच्या पुढच्या, दोघींनी धरून आणलं. खुर्चीवर बसवलं. त्यांनी चहूकडं बघितलं, भिंतीला हात लावला, दुवा दिल्या, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, आमच्या वेळी असं काही असतं तर उन्हाळ्यात माझी दोन लेकरं गेली नसती. मग इकडं तिकडं बघत विचारलं, "आणि लुलवाची खोली रे? ती यायची तेव्हा मी बोरीखाली बसून तिची वाट बघायचे."

तुमचा भाऊ तेव्हा त्यांच्या कपात कॉफी ओतत होता. ओततच राहिला. कप काठोकाठ भरला, सांडायला लागला. आपल्याकडे भरलेला कप पुढं करणं म्हणजे "पी आणि नीघ" असं सांगणं. म्हातारी कपाकडं बघते, त्याच्याकडं बघते. म्हणाली, "हाकलतोस होय रे मला? जाते. पण आधी उत्तर दे." तर हा किटली माझ्या हातात देऊन बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी मी त्याला धरलं. म्हटलं, खोली पडली ते पडली, पण खलफ गेल्यावर तू बहिणीला एकदाही घरी ये म्हणाला नाहीस. ईदला ये म्हणतोस. घरी ये म्हणत नाहीस. का? तर म्हणतो, "हमद धडधाकट आहे, कमावता आहे. मी तिला कायमचं बोलावलं तर मुहर्रकमध्ये काय म्हणतील? की मुलाला आई सांभाळता येईना म्हणून मामानं नेली. लुलवा मला या जन्मी माफ करणार नाही." तीन वर्षं हा विचार पोटात घेऊन फिरतोय! आणि तुम्ही बोलावणं आल्याशिवाय येणार नाही, हे मला न सांगता कळतं. तुम्हा बहीणभावंडांच्या मानापुढं कुणी काय करावं?

हिशेब तुमचा तुम्ही करा. मी सांगायचं ते सांगितलं.

तुमची
नूरिया


मुहर्रक
२१ जुलै १९८५

नूरिया, बये,

तुझं पत्र कोल्ड स्टोअरच्या ओट्यावर बसून वाचलं. आत जाऊन रडले. तिथं डोळे लवकर सुकतात.

आता तुला सांगते, आणि तुलाच सांगते. स्टोअर ऑगस्टअखेर बंद होतंय. मोठ्या व्यापाऱ्यांनी स्वतःची गोदामं बांधली, आमच्याकडे आता कोण येणार? हमदला सौदीत, दम्माममध्ये चांगली नोकरी लागलीय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, माझ्यासाठी खोली ठेवलीय, पडदेसुद्धा मला विचारून आणले. पोरगा गुणी आहे, सूनही. पण मी तिथं काय करू? लिफ्टनं खाली यायचं आणि लिफ्टनं वर जायचं. रस्त्यात एक माणूस ओळखीचं नाही. हे त्याला सांगावं तर त्याला वाटेल आई माझ्याकडं नाखूश आहे. आणि मी तोंडानं माझ्या भावाकडं जाते म्हटलं, तर लोक म्हणतील मुलानं काढली. त्यानं काढली नाही गं. त्याच्या नावाला एवढासा डाग लागलेला मला चालणार नाही. म्हणून मी वाट बघत बसले. म्हटलं, मिशारी कधीतरी म्हणेलच, घरी ये. भावानं हट्ट धरला म्हटलं की सगळ्यांची अब्रू राहते.

गेल्या ऑक्टोबरात त्याचं जाड पाकीट आलं. मला वाटलं, आलं बोलावणं! उघडलं तर गॅरेज.

आणि तरी नूरिया, तो नकाशा बघताना मला वेड्यासारखा आनंद झाला. मी रात्रंदिवस त्याचाच विचार केला, कुठं ओल शिरेल, कुठं थंडी पळेल. खलफ गेल्यापासून कुणी माझ्याकडून काही समजून घेतलं नव्हतं. किती सुंदर बांधलंय त्यानं! मला बघायचंय ते. फार बघायचंय.

यातलं अक्षरही त्याला सांगू नकोस.

लुलवा


फिंतास
५ ऑगस्ट १९८५

माझ्या आईच्या लेकी,

नूरियानं मला अक्षरही सांगितलं नाही. तुझं पत्र ब्यूइकच्या स्टिअरिंगवर ठेवलं आणि शेजारणीकडं निघून गेली.

मी वाचलं. गाडीतच बसून होतो, किती वेळ ते माहीत नाही. मग उठून आधी हमदला पत्र लिहिलं. त्याला लिहिलं, "बेटा, मी तुझ्या आईला मागत नाहीय. ती तुझीच आहे. मी माझ्या बहिणीला मागतोय. म्हातारा झालोय, भाऊबंद एकेक करून गेले, लहानपणीचं बोलायला मला तीच एक उरलीय. तू उपकार म्हणून तिला माझ्याकडं राहू दे, आणि दर महिन्याला येऊन मला दटाव की आईला नीट ठेवतोस ना." त्याचं उत्तर काल आलं. त्याला वाटत होतं, आपण आईला दम्मामला नेलं नाही तर मामा म्हणेल कसला मुलगा! म्हणजे बघ, आपण तिघंही एकमेकांची अब्रू राखत बसलो होतो आणि तू एकटी ओट्यावर.

नंतर रजबला बोलावलं. बोरीकडच्या टोकाला तीन गाड्यांची जागा आहे. त्या तिन्ही बाहेर काढल्या आणि त्याला म्हटलं, इथं मधे भिंत घाल, आणि बाहेरच्या भिंतीला समुद्राच्या अंगाला खिडकी पाड, गल्लीकडं दार पाड. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "साहेब, आयुष्यात अशी भिंत एकदाच बांधली. ही फोडायला माझा हात उचलत नाही." मी म्हटलं, दे इकडं. पहिला घाव मीच घातला. पांढरा फोम भुरभुर खाली पडला. बद्र डोळे झाकून उभा होता. लुलवा, तुला खोटं सांगणार नाही, मला वाईट वाटलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून परत होणार नाही. पण मग आरपार भोक पडलं आणि समुद्राचा वारा आत आला, आणि मला वाटलं, आता कुठं हे घर झालं.

ब्यूइक, कॅडिलॅक आणि पॉन्टिअॅक सध्या ताडपत्रीखाली आहेत. राहू देत. त्यांनी बरेच उन्हाळे बघितलेत.

आता नीट ऐक. मी हे लिहून देतोय, आणि हवं तर मुहर्रकच्या बाजारात मोठ्यानं वाचून दाखव, माझा आवाज तुला माहीत आहेच. ईदला ये असं म्हणत नाही. चार दिवस ये असंही म्हणत नाही. लुलवा, घरी ये.

मिशारी


मुहर्रक
१३ ऑगस्ट १९८५

माझ्या आईच्या लेका, वेड्या,

ब्यूइक उन्हात उभी केलीस? ऑगस्टात? आधी ती आत घे! पिकअप पडवीजवळ सरकव, शेव्हरोले तिच्या मागं नाकाला शेपूट लावून उभी कर, दोन गाड्यांची जागा सहज निघते. नकाशा माझ्यापाशी आहे, मी मोजून बघितलंय. तिसरी दुरुस्तीच्या खड्ड्यावर राहील, तू काही रोज खड्ड्यात उतरत नाहीस.

आणि भिंत फोडलीस ती तशीच सोडलीस ना? अरे देवा. फोडलेल्या कडेनं ओल थेट फोममध्ये जाते. आज, आत्ता, प्लास्टिक लावून कडा बंद करा. खिडकीला दुहेरी काच, मधली हवा कोंडलेली, आणि बाहेरून लाकडी झडप. चौकटीला मी आल्याशिवाय हात लावायचा नाही. रजबला सांग, बहारीनच्या बाई स्वतः येताहेत.

तुम्ही दोघा पुरुषांनी आपसात पत्रं लिहून माझं ठरवून टाकलंत, मला कुणी विचारलं नाही, याबद्दल मी तुम्हा दोघांशी नंतर भांडणार आहे. हमद तुझं पत्र घेऊन माझ्यापुढं येऊन बसला आणि मांडीवर डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले. मग आम्ही पापलेट तळून खाल्लं.

"घरी ये" हे शब्द मी किती वेळा वाचले ते सांगणार नाही. कागदाला घडीवर भोक पडलंय, एवढंच सांगते.

स्टोअरचं शेवटचं सामान बुधवारी जातंय. गुरुवारी, बावीस तारखेच्या दुपारच्या विमानानं निघते. माझ्या हातचा मसाला आणि दोन पेट्या आहेत, कॅडिलॅक घेऊन ये. तुझी ती कॅडिलॅक मला कधीपासून आवडते, तुला कधी सांगितलं नाही, नाहीतर चढून बसला असतास. उम्म सऊदना निरोप दे, बोरीखाली बसायचं नाही, आत गारव्यात बसून वाट बघायची.

त्या दाराच्या तीन किल्ल्या करून घे. एक माझ्या हातात द्यायची, विमानतळावरच. दुसरी नूरियाला. तिसरी हमदला, तो आईच्या घरी कधीही येईल. तुला किल्ली मिळायची नाही, मिशारी. तू दार वाजवायचं, आणि मी "कोण?" विचारीपर्यंत बाहेर उभं राहायचं.

तुझी
लुलवा